पंख्याचा वेग आपल्या हाती

घरातल्या छताच्या पंख्याला रेग्युलेटर असतो. पहाटे गारवा वाटला, की आपण पंखा एकवर आणतो. दुपारी तो पाचवर नेतो. संगणकाच्या कॅबिनेटमध्येही पंखे असतात. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जाळी दिसते ना? तिच्या आत तळहाताएवढा एक चौकोनी पंखा बसवलेला असतो. जुन्या संगणकांत हा पंखा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एकाच वेगाने घरघरत राहतो. शाळेच्या संगणक-खोलीत दहा-बारा संगणक एकदम चालू झाले, की सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. या पंख्याला रेग्युलेटर बसवता येईल का? येईल. तो आपल्याला घरीसुद्धा तयार करता येतो.

पण आधी संगणकाला पंखा कशाला हवा, ते पाहू या. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट वीज घेई. आज टेबलावरच्या संगणकात ६५ वॅटचे प्रोसेसर सर्रास असतात. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा बल्ब किती तापतो, ते आठवून पाहा. तेवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते. ती तिथून हलवली नाही, तर संगणक अडखळतो, बंद पडतो आणि त्याचे आयुष्यही घटते.

येथे मराठीतली एक गंमत सांगतो. उर्दूत ‘हवा’ म्हटले, की श्वासाची हवाही आली आणि झाडे हलवणारी हवाही आली. मराठीत एरवीची ती हवा, आणि वाहू लागली की तो वारा. कॅबिनेटमध्ये हवा असतेच. पण ती तापून तिथेच कोंडते. पंखा तिचा वारा करतो आणि तिला बाहेर घालवतो.

मग पंखा हळू केला, तर वारा कमी होणार नाही का? होईल. वेग निम्मा केला, तर वाराही साधारण निम्माच वाहतो. पण आवाज त्याहून पुष्कळ जास्त उतरतो. वेग निम्मा झाला, की आवाज सुमारे १५ डेसिबलने खाली येतो. आपल्या कानाला १० डेसिबलची घटसुद्धा आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. म्हणजे थोडा वारा सोडला, तर बरीच शांतता मिळते. संगणकावर हलके काम चालू असेल, तेव्हा हा सौदा फायद्याचा आहे.

या सौद्यात एक धोका आहे. हा पंखा १२ व्होल्टवर चालतो. दाब कमी केला, की तो हळू फिरतो. मात्र थांबलेल्या पंख्याला सुरू होण्यासाठी थोडा जास्त जोर लागतो. काही पंखे ५ व्होल्टवर सुरू होतात, काहींना ६ किंवा ७ व्होल्ट लागतात. एकदा फिरू लागलेला पंखा त्याहून कमी दाबावरही फिरत राहतो. येथेच आपण फसतो. रात्री खुंटी फिरवून पंखा अगदी हळू केला, तो छान फिरत होता. सकाळी संगणक सुरू केला, तर पंखा जागचा हलतच नाही! आवाज नाही, म्हणून आपल्याला बरे वाटते. आत मात्र उष्णता वाढत असते. म्हणून आपला रेग्युलेटर पंखा हळू करणारा हवा, पण थांबवू देणारा नको.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पंख्याच्या तारेत एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, जोडणे. पूर्वीच्या छताच्या पंख्यांचे मोठे, तापणारे रेग्युलेटर याच तत्त्वावर चालत. मला हा उपाय पसंत नाही. सुरू होताना पंखा जास्त प्रवाह ओढतो आणि नेमका तेव्हाच रोधक जास्त दाब खाऊन टाकतो. ज्या क्षणी पंख्याला बळ हवे, त्याच क्षणी ते कमी पडते.

त्यापेक्षा ‘एलएम ३१७’ ही आयसी वापरावी. तिला तीन पाय असतात. १९७० च्या दशकापासून ती बाजारात आहे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. पंख्याने प्रवाह कमी घेतला काय किंवा जास्त घेतला काय, ती ठरवून दिलेला दाब कायम ठेवते. तिचा नियम सोपा आहे. तिच्या मधल्या आणि डाव्या पायांमध्ये ती नेहमी १.२५ व्होल्ट राखते. या दोन पायांमध्ये २४० ओहमचा रोधक जोडायचा. डाव्या पायापासून ऋण तारेपर्यंत दुसरा रोध जोडायचा. दुसऱ्या रोधाला २४० ने भागा, त्यात १ मिळवा आणि १.२५ ने गुणा. उत्तर येईल तेवढे व्होल्ट पंख्याला मिळतात.

दुसरा रोध दोन भागांचा करू या. ८२० ओहमचा एक रोधक आणि त्याच्यापुढे १००० ओहमची फिरती खुंटी. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्यासाठी असते, तशी ही खुंटी असते. दुकानात तिला पॉट म्हणतात. खुंटी पूर्ण मागे फिरवली, की फक्त ८२० ओहम उरतात आणि दाब सुमारे ५.५ व्होल्ट येतो. यापेक्षा खाली कोणी कितीही फिरवले, तरी दाब उतरत नाही. पूर्ण पुढे फिरवली, तर हिशेबाने १०.७ येतात, पण आयसी स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट ठेवून घेते, म्हणून पंख्याला १० च्या आसपास मिळतात. तुमचा पंखा ५.५ वर सुरू होत नसेल, तर ८२० च्या जागी १००० ओहमचा रोधक घाला. मग खालची मर्यादा किती होईल, ते तुम्हीच काढा.

रोधक ओळखणे अवघड नाही. २४० ओहमवर तांबडा, पिवळा, तपकिरी असे पट्टे असतात. ८२० वर करडा, तांबडा, तपकिरी. आयसीचे नाव आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर उजव्या पायाला १२ व्होल्टची धन तार जोडायची. पंख्याची तांबडी तार मधल्या पायाला आणि काळी तार ऋण बाजूला. तिसरी तार असेल, तर ती वेग कळवण्यासाठी असते. ती मोकळी सोडा. खुंटीच्या तीन पायांपैकी मधला आणि एक कडेचा पाय वापरा. उरलेला कडेचा पाय मधल्या पायालाच जोडून टाका. आयसीच्या पाठीवरचा धातूचा पत्रा आतून मधल्या पायाला जोडलेला असतो, तो कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू देऊ नका. एकाच लहान पंख्यासाठी आयसी फारशी तापत नाही. दोन-तीन पंखे एकत्र जोडले, तर तिला ॲल्युमिनियमची हीट सिंक लावावी लागते.

हे सगळे आधी टेबलावर करून पाहा आणि त्यासाठी १२ व्होल्टचा ॲडॅप्टर वापरा. घरातल्या २३० व्होल्टशी यात काही काम नाही. संगणकाची पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आत वीज साठलेली असू शकते. छताच्या पंख्याचा रेग्युलेटरही येथे चालत नाही. कॅबिनेटमध्ये जोडणी करताना जाणकार मोठे माणूस किंवा शिक्षक जवळ असू द्या. हा रेग्युलेटर फक्त कॅबिनेटच्या पंख्यासाठी आहे. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या पंख्याला हात लावायचा नाही. नव्या संगणकांत त्या पंख्याला चार तारा असतात आणि मदरबोर्ड स्वतःच उष्णता पाहून त्याचा वेग ठरवतो.

जोडणी झाली, की एक परीक्षा घ्या. पंखा हळू फिरत असताना खुंटीकडे जाणारी तार मुद्दाम सोडवा. पंखा थांबेल, असे वाटते ना? उलट तो जोरात धावू लागतो. वाट तुटली, की रोध अमर्याद झाला आणि आयसीने दाब वर नेला. खुंटी झिजली किंवा तिची तार निघाली, तरी संगणक तापत नाही. फक्त आवाज वाढतो आणि आपल्याला बिघाड कळतो. मात्र २४० ओहमचा रोधक सुटला, तर दाब जेमतेम १.३ व्होल्टवर येतो आणि पंखा थांबतो. म्हणून तो लांब तारेने जोडू नका. आयसीच्या दोन पायांवरच घट्ट सोल्डर करा.

खुंटी कुठे ठेवावी, हे ऋतूवर अवलंबून आहे. कॅबिनेटमध्ये शिरणारी हवा खोलीतलीच असते. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना सारे ठीक चालते. मे महिन्यात मालेगाव किंवा जळगावला बाहेरचा पारा ४० च्या वर जातो. खोली १५ अंशांनी तापली, तर आतला प्रत्येक भागही साधारण तेवढाच तापतो. म्हणून खुंटीवर दोन खुणा करा, एक हिवाळ्याची आणि एक उन्हाळ्याची. खुणा करण्याआधी संगणक तासभर कामाला लावा आणि पडद्यावर तापमान पाहा. हार्ड डिस्क ५० अंशांच्या पुढे जाऊ लागली, तर खुंटी थोडी पुढे सरकवा आणि पुन्हा तासभर थांबा.