हळद ओली विकावी की शिजवून?



हळदीचा पाला पिवळा पडून वाळू लागला की काढणीची घाई सुरू होते, आणि त्याच वेळी कोणीतरी वावरात येऊन ओल्या मालाला भाव सांगतो. रोख पैसे दिसतात. द्यावी का? आधी पाटी-पेन्सिल घ्या.

5 क्विंटल ओल्या हळदीपासून साधारण 1 क्विंटल वाळलेली हळद मिळते. जातीप्रमाणे थोडे कमी-जास्त होते. समजा, ओल्या मालाला क्विंटलला 2,000 रुपये मागितले, तर 5 क्विंटलचे 10,000 झाले. तोच माल शिजवून, वाळवून, पॉलिश करून 13,000 ला गेला, तर मधले 3,000 तुमच्या कामाचे. त्यातून जळण, मजुरी, पॉलिशचे भाडे, पोती आणि गाडीभाडे वजा करा. उरले तर शिजवा. उरत नसेल तर ओली विकण्यात कमीपणा नाही. (हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, भाव तुमच्या बाजाराचा धरा.)

एक चूक मात्र घरोघर होते. "घरचीच माणसं आहेत, मजुरी कुठं द्यायचीय?" असे म्हणून घरातल्या बायकांचे काम हिशेबात धरतच नाहीत. गड्डे तोडणे, मुळ्या काढणे, उन्हात हळद पसरणे, संध्याकाळी गोळा करणे, निवडणे, हे सगळे बहुतेक त्याच करतात. ती मजुरी वहीत लिहा. मग कळेल, नफा कुठल्या कामातून येतो आणि कोणाच्या हातून येतो.

आता किंमत वाढते ती का, ते बघा. कच्चा कंद जिवंत असतो, ठेवला तर फुटतो नाहीतर कुजतो. शिजवल्याने तो फुटायचा थांबतो, आतला रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला दिवस कमी लागतात. म्हणून काढणीनंतर दोन-तीन दिवसांत शिजवा. हळकुंडे आणि गड्डे वेगळे करा. गड्ड्याला वेळ जास्त लागतो, एकत्र टाकले तर एक कच्चे राहील नाहीतर दुसरे गळेल. काहिलीत हळदीच्या वर तीन बोटे पाणी ठेवा. पाऊण ते एक तासात फेस येतो, पांढरी वाफ आणि हळदीचा वास सुटतो. तेव्हा एक हळकुंड काढून बोटाने दाबा. मऊ लागले आणि बोथट काडी आरपार गेली की उतरवा. जास्त शिजली तर रंग बिघडतो. कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते. हल्ली वाफेवर शिजवायचे कुकर भाड्याने मिळतात. गावात चार जणांनी मिळून आणला तर परवडतो.

वाळवणात खरी गंमत आहे. पातळ पसरली की लवकर वाळेल असे वाटते, पण रंग उतरतो. दोन-तीन इंचांचा थर ठेवा. रात्री ढीग करून झाका, दव लागू देऊ नका. उघड्या मातीवर टाकू नका, स्वच्छ खळे, चटई किंवा ताडपत्री घ्या. 10-15 दिवसांनी हळकुंड मोडून बघा, खणकन आवाज आला तर वाळले. मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करा. वरची साल आणि मुळ्या जातात, वजन थोडे घटते, पण माल उठून दिसतो. हळकुंडे, गड्डे, तुकडे अशी प्रतवारी पोती भरण्यापूर्वी घरीच करा. मिसळ मालाला व्यापारी खालच्या प्रतीचाच भाव लावतो.

रंग आणण्यासाठी काहीजण पॉलिशच्या वेळी पिवळी पूड टाकायला सांगतात. त्यात लेड क्रोमेट असू शकते. ते शिशाचे विष आहे, लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि कायद्याने त्याला बंदी आहे. असला माल आपल्याही चुलीपर्यंत पोचतो. सांगणाऱ्याला दारातूनच परत लावा.

दळून पूड विकायची असेल, तर अन्नसुरक्षा कायदा, 2006 प्रमाणे नोंदणी आधी करून घ्या. पहिल्या वर्षी सगळा माल दळू नका. एक-दोन पोती दळून गिऱ्हाईक पाहा, बाकीची हळकुंडे बाजारात द्या.

आणि हो, पुढच्या लागणीचे बेणे शिजवायच्या आधीच बाजूला काढा. चांगले, निरोगी, मोठे गड्डे निवडून सावलीत ठेवा. काहिलीजवळच्या घाईत ते नेमके विसरते.