पाण्याने पाडलेले वऱ्हाडचे भाग

सेमाडोहला सिपनेच्या काठी उभे राहिले की हे पाणी जाते कोठे, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. आम्हालाही आला. सिपना म्हणजे कोरकू भाषेत सागवान. खंडू, खापरा, गडगा, डोलार आणि सिपना या पाचही नद्या मेळघाटचे पाणी तापीला देतात.

पूर्वी वऱ्हाडचे तीन भाग मानीत : उत्तरेचा डोंगराळ मेळघाट, मधला पूर्णाकाठचा सपाट पयनघाट व दक्षिणेचा बालाघाट. पयनघाट म्हणजे घाटाखालचा, बालाघाट म्हणजे घाटावरचा. शब्द फारसी आहेत. इमादशाही गेली, १५९६ मध्ये मोगल आले, तरी ही वाटणी टिकली. कारण ती राजाने केलेली नव्हती.

गाविलगडाची रांग अचलपूरच्या बाजूस एकदम तुटते. उत्तरेकडे मात्र पठार गडाला जवळजवळ भिडते. म्हणूनच १८०३ मध्ये स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून तोफा ओढत, मोठा वळसा घालून उत्तर बाजू गाठली. १५ डिसेंबरला गड पडला.

चीनच्या जुन्या साम्राज्यात छिनलिंग पर्वताने होआंगहो व यांगत्से वेगळ्या ठेवल्या. उत्तरेस गहू-बाजरी, दक्षिणेस भात. आमच्या गाविलगडाने तेवढे काही साधले नाही. त्याच्या दोन्ही उतारांचे पाणी शेवटी चांगदेवपाशी, पूर्णा-तापी संगमावर, एकत्र येते. खरा जलविभाजक बालाघाटचा, म्हणजे अजिंठ्याची रांग. तिच्या उत्तरेचे पाणी पूर्णेतून अरबी समुद्राला, दक्षिणेचे पैनगंगेतून गोदावरीला व पुढे बंगालच्या उपसागराला. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगाने इथली जमीन सुपीक म्हटली आणि डोंगरात कोरलेल्या विहाराचे वर्णन केले. तो विहार याच रांगेतील अजिंठ्याचा मानतात.

सुपीक खरी, पण पयनघाटात एक मेख आहे. डोंगराच्या पायथ्याशी, परतवाडा-अंजनगावकडे, विहिरींना गोडे पाणी आहे, संत्र्याच्या बागा आहेत. तेथून पूर्णेकडे उतरावे तसा गाळाचा थर जाड होतो, निचरा मंदावतो आणि पाणी खारट लागते. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर काळी कसदार माती, खाली मीठ! या भागातील पीककर्जाचे अर्ज तपासताना विहिरीच्या रकान्याशी आमचे पेन थांबते. विहीर आहे, तिला पाणीही आहे; पण ओलिताखालचे क्षेत्र : निरंक.