नुसतं नाव बदलू नका: लेगसी रीसेट ते कोल्ड रीसेट

लखनौहून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर मला क्यूएमूचा कोड वाचायचा नाद लागला. क्यूएमू म्हणजे सॉफ्टवेअरमध्येच अख्खा संगणक उभा करणारा प्रोग्राम; फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेला.

त्यात 'डिव्हाइस लेगसी रीसेट' नावाचं फंक्शन होतं. ते फक्त त्या एका उपकरणाला रीसेट करायचं. त्याच्या बसवर जोडलेली उपकरणं होती तशीच राहायची. फौजी भाषेत सांगायचं तर कंपनी कमांडर सावधान, पण प्लाटून विश्राममध्येच! म्हणून ते कालबाह्य ठरवलं गेलं. त्याच्या जागी 'डिव्हाइस कोल्ड रीसेट' वापरायचं. इथे हुकूम उपकरणाला आणि त्याच्या बसवरच्या सगळ्यांना जातो.

२०२० च्या ५.० आवृत्तीत रीसेटचे तीन टप्पे आले. 'एंटर'मध्ये प्रत्येकाने स्वतःची आतली स्थिती पुसायची, शेजाऱ्याला हात लावायचा नाही. 'होल्ड'मध्ये बाहेरच्या गोष्टी, उदाहरणार्थ इंटरप्टची तार खाली आणणे. 'एक्झिट'मध्ये रीसेटमधून बाहेर. असं का? शेजारी अजून जुन्याच स्थितीत असताना त्याला इशारा गेला, तर तो भलताच अर्थ लावतो.

मग जुनं नाव शोधून नवं टाकलं की झालं? मीही तसंच समजलो. माझ्या एका प्रयोगातल्या मॉडेलमध्ये सरसकट नाव बदललं. कोड बिनतक्रार कंपाइल झाला. मोजणी लावून पाहिली, तर एका रीसेटला खालचं उपकरण दोनदा रीसेट होत होतं! एकदा बसमार्फत, एकदा माझ्या हाताने.

नेमकी हीच गोष्ट क्यूएमूच्या इंटेल एचडीए या ध्वनी उपकरणात होती. त्याचं रीसेट फंक्शन प्रत्येक कोडेकला हाताने रीसेट करायचं, आणि बसमार्फतही ते व्हायचंच. दुरुस्ती करताना हाताने करायचा भाग काढला. पण ड्रायव्हरने कंट्रोलरचा रीसेट बिट वापरला, तर तिथून ते फंक्शन थेट बोलावलं जायचं. मग कोडेक सुटले असते. म्हणून त्या ठिकाणी कोल्ड रीसेट घातलं. एकीकडे ओळी गेल्या, दुसरीकडे एक बदलली.

तेव्हा बदल करण्याआधी दोन प्रश्न विचारा. या उपकरणाखाली कोण आहे? आणि त्याला हुकूम आधीच कुठून मिळतोय का? उत्तर मिळाल्यावरच कीबोर्डला हात लावा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.