फ्रान्सला गेलात, की आफ्रिकेला?

हिंदी महासागरातलं रियुनियन बेट १९४६ पासून फ्रान्सचा प्रशासकीय विभाग आहे. तिथे कायदा फ्रेंच आणि चलन युरो. शेजारचं मॉरिशस मात्र १९६८ मध्ये स्वतंत्र झालं. ही दोन्ही बेटं पाहून आलेल्याचे देश किती झाले आणि खंड किती? माझ्या मते देश दोन, फ्रान्स आणि मॉरिशस. खंड एकच, आफ्रिका. देश राजकारणाने ठरतो, खंड भूगोलाने. रियुनियनच्या जोरावर ‘युरोप झाला’ म्हणणारा आणि रियुनियन वेगळा देश धरणारा, दोघंही या दोन हिशेबांची सरमिसळ करतात.

देशांसाठी संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आणि व्हॅटिकन, पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक, अशी १९५ ची यादी सोयीची. यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: स्वतःचं निवडून आलेलं सरकार, स्वतःचं चलन, स्वतःचा पासपोर्ट असलेलं तैवान या यादीत नाही. ज्याला हे खटकतं त्याने आपल्या सीमेवर खरा ताबा असलेला प्रत्येक प्रदेश देश मानावा. पण मग त्याच न्यायाने सोमालीलँड आणि उत्तर सायप्रसही धरावे लागतील. अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स सेंच्युरी क्लबच्या यादीत तर तीनशेहून अधिक ठिकाणं आहेत. हवाई आणि अलास्काही तिथे स्वतंत्र मोजले जातात. कुठलीही यादी घ्या, पण अख्खी घ्या. आकडा फुगवायला एकीतून हे आणि दुसरीतून ते उचलणं मला मुळीच मान्य नाही.

गेलो कधी म्हणायचं, हा प्रश्न अधिक अवघड. पासपोर्टवरचा शिक्का हा पुरावा अपुरा आहे. रोममधून सेंट पीटर्स चौकात शिरताना जमिनीवरची पांढरी रेघ ओलांडली की व्हॅटिकन सुरू होतं. तिथे ना तपासणी, ना शिक्का. इस्तंबूलला एमिनोन्यूहून फेरीबोटीने उस्क्युदारला उतरलं की युरोपातून आशियात पोहोचतो, तेही एकाच शहरात. दोन्ही ठिकाणी माणूस खुशाल चालतो-फिरतो, म्हणून दोन्ही मोजावीत. विमान बदलताना ट्रान्झिटमध्ये काढलेले तास मात्र मोजू नयेत, कारण तिथे विमानतळाबाहेर पाऊलच पडत नाही.

हाच नियम अंटार्क्टिकालाही लावावा. बरीच जहाजं साउथ शेटलंड बेटांवर प्रवासी उतरवतात. बेट म्हणजे मुख्य भूमी नव्हे, म्हणून हा खंड झालाच नाही, असं काही जण बजावतात. तसं असेल तर श्रीलंका पाहून आशिया होणार नाही, लंडन पाहून युरोप होणार नाही. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या कक्षेत ही बेटंही येतात, तेव्हा तिथे उतरलेल्याचा खंड नक्की धरावा. पण ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना तिथे कुणालाच उतरवता येत नाही. अशा जहाजाच्या डेकवरून फक्त हिमनग पाहिलेल्याने सातव्या खंडावर खूण करू नये.