डॅशबोर्डवरचं क्रोम : जुन्या प्लॅस्टिकची चकाकी परत आणताना

सुरुवात आमच्या चुकीपासूनच करतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लक्षात राहील. साठच्या दशकातली एक अमेरिकन गाडी आमच्याकडे कामाला आली होती. डॅशबोर्डवर मीटरभोवतीची चौकट चांदीसारखी, पण पिवळट पडलेली. आम्ही काय केलं? पितळेची भांडी उजळायचं पॉलिश फडक्यावर घेतलं आणि घासलं. दोन मिनिटांत फडकं काळं झालं आणि चौकटीचा कोपरा करडा. खाली नुसतं प्लॅस्टिक! मालक शेजारीच उभे होते.

आम्ही ज्याला क्रोम समजलो होतो, ते क्रोम नव्हतंच.

प्लॅस्टिकवरची ही चकाकी दोन प्रकारची असते. पहिला प्रकार खऱ्या मुलाम्याचा. एबीएस नावाचं प्लॅस्टिक आम्लात बुडवून त्याला बारीक खड्डे पाडतात, मग विजेशिवाय निकेलचा पातळ थर बसवतात, आणि त्यावर विजेने तांबं, निकेल, शेवटी क्रोम. दुसरा प्रकार निर्वात पेटीतला. पेटीतली हवा काढून घेतात, तापलेल्या तारेवर ॲल्युमिनियमची वाफ होते आणि ती वस्तूवर जाऊन बसते. हा थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ. खाली लॅकर, वर लॅकर, मध्ये एवढंसं ॲल्युमिनियम. त्या काळच्या अमेरिकन डॅशबोर्डांवर हा दुसरा प्रकार भरपूर दिसतो. पिवळं पडतं ते वरचं लॅकर, धातू नाही.

मग ओळखायचं कसं? मल्टिमीटरची दोन टोकं चकाकीवर टेकवा. मुलामा असेल तर वीज वाहते, लॅकरखालचं ॲल्युमिनियम असेल तर सहसा नाही. शिवाय मुलामा सुटतो तो पापुद्र्यांनी, आणि त्याची धार बोट कापते. ॲल्युमिनियम मात्र झिजतं, हात लागतो तिथे आधी.

पट्टी काढतानाच निम्मं नुकसान होतं, म्हणून घाई नको. पन्नास वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. केस वाळवायच्या यंत्राने हलकी ऊब द्यायची आणि मगच खाचेतून सोडवायची.

ॲल्युमिनियमचा थर काढायला सौम्य कॉस्टिक सोडा चालतो. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं, एबीएसला फारसं काही होत नाही. वरचं लॅकर शाबूत असेल तिथे मात्र तो आत पोचत नाही, आधी बारीक पॉलिश कागद फिरवावा लागतो. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि भांडं प्लॅस्टिकचंच. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात हा उद्योग कुणी करू नये, पातेलंच फसफसायला लागेल.

आता नवी चकाकी. नुसत्या कडा गेल्या असतील तर क्रोमच्या शाईचं पेन पुरतं. पहिल्या दिवशी ते आरशासारखं दिसतं, पण बोट लागत राहिलं की मंद होतं, आणि वरून क्लिअर मारलं तरीही बऱ्याचदा मंदच. म्हणून बोट लागेल अशा जागी आम्ही ते वापरत नाही. फवाऱ्याचा क्रोम रंग चकचकीत काळ्या अस्तरावरच खुलतो. अस्तरात एक ओरखडा राहिला की वर तो दुप्पट दिसतो.

सगळी चौकट करायची तर पुन्हा निर्वात पेटीच बरी. हेडलाइटच्या रिफ्लेक्टरांवर हीच प्रक्रिया होते, त्यामुळे असं काम करणारे शोधले की सापडतात. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या. एक, बेस कोट भट्टीत वाळवताना तापमान कमी ठेवा, कारण एबीएस 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि वाकलेली चौकट पुन्हा बसत नाही. दुसरं, तुकडा फिरता ठेवा. वाफ सरळ रेषेत जाते, मागच्या बाजूला वळत नाही. काळी राहायला हवी ती जागा आधी झाकायची की नंतर रंगवायची, हेही तिथेच ठरवून घ्यायचं. आम्ही नंतर रंगवतो.

‘मग खरा मुलामाच का देऊ नये?’ असं कुणीतरी मघाशी विचारलं. देता येतो, पण ते घरी करायचं काम नव्हे. जुन्या पद्धतीत प्लॅस्टिकला खड्डे पाडणारं आम्ल हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं असतं, आणि त्याची वाफ फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरते. परसात बादली मांडून हा प्रयोग करतो म्हणणाऱ्याला आम्ही तुकडा देत नाही.

त्या पहिल्या चौकटीचं काय झालं, तेही सांगतो. ती पेटीतून नवी होऊन आली, पण शेजारची जुनी बटणं एकदम मळकी दिसायला लागली. मालकांनी मग तीही काढून दिली.