पोटातलं थापटणं

तेरच्या गोरोबाकाकांची एक गोष्ट मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. संतमंडळी काकांच्या घरी जमली होती. कोपऱ्यात पडलेल्या थापटण्याकडे पाहून मुक्ताबाईंनी विचारलं, हे कशासाठी? मडकं कच्चं की पक्कं हे यानं कळतं, असं काका म्हणाले. मग इथं बसलेल्या मडक्यांचीही परीक्षा होऊन जाऊ द्या, असं मुक्ताबाईंनी सुचवलं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. बाकीचे शांत बसले, नामदेव तेवढे रागावले. हे मडकं अजून कच्चं आहे, असा निकाल लागला. पुढचा विसोबा खेचरांचा कथाभाग सर्वश्रुत आहे. तेरणेच्या काठावर काकांची समाधी आहे आणि चैत्रात तिथं आजही यात्रा भरते.

ही गोष्ट अध्यात्माची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मला मात्र अलीकडे ती पोटाची गोष्टही वाटू लागली आहे. याला कारण आपली भाषा. ‘पचणं’ हा शब्द ज्या ‘पच्’ धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ शिजवणं. पाक, पक्व, पक्कं ही सगळी त्याच घरातली भावंडं. आयुर्वेदानं पोटाची वाटणीही याच शब्दांत केली. कच्चं अन्न राहतं तो आमाशय आणि शिजलेलं उतरतं तो पक्वाशय. या दोहोंच्या मध्ये ग्रहणी. तिचं काम काय, तर अपक्व अन्न धरून ठेवायचं आणि पक्व झालेलं पुढे सोडायचं, असं चरकसंहिता सांगते.

आता आधुनिक शारीरशास्त्र पाहा. जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक घट्ट कडं असतं. त्याचं नाव पायलोरस. हा ग्रीक शब्द, अर्थ द्वारपाल. जठर मिनिटाला सुमारे तीन वेळा आकुंचन पावतं आणि अन्नाची लाट या दारावर नेऊन आदळतं. एकदोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला कण असेल तर त्याला वाट मिळते. मोठा असेल तर तो मागे लोटला जातो, पुन्हा घुसळला जातो. कच्चं मागे, पक्कं पुढे. हजारो वर्षांपूर्वीच्या वैद्यानं, ग्रीक शारीरज्ञानं आणि तेरच्या कुंभाराच्या कथेनं एकच प्रश्न विचारलेला दिसतो. पोट ही नुसती भरायची कोठी नव्हे आणि नुसती चूलही नव्हे. ते पारख करणारं ठिकाण आहे. आणि पारखीला वेळ लागतो.

हा वेळ कसा आणि कुठे जातो, ते आपल्याच भागातल्या एका जेवणाच्या मागोमाग जाऊन पाहू. धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे वेळ अमावास्या साजरी होते. शेतात कडब्याची कोप उभारायची, पूजा करायची आणि सगळ्या गोतावळ्यासह तिथंच जेवायचं. बाजरीचे उंडे, हिरव्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आणि मडक्यातली आंबट, गार आंबील.

उंड्याचा पहिला घास तोंडात गेला की पहिलं काम जात्याचं, म्हणजे दातांचं. दुसरं काम लाळेचं. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ आपण तयार करतो. तिच्यातलं अमायलेज हे द्रव्य पिष्टाचे लांब धागे तोडून त्यांची साखर करू लागतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो यामुळे. घास सावकाश चावा, असं आजी सांगायची त्यात शिस्तीइतकंच रसायनशास्त्र होतं. गिळलेला घास सुमारे पंचवीस सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदांत खाली जातो. तो वजनानं पडत नाही. स्नायूंची लाट त्याला ढकलते. म्हणून माणूस उलटा टांगला तरी घास पोटातच जातो.

जठरात काय घडतं यावर मात्र शतकानुशतकं वाद होता. अन्न शिजतं, दळलं जातं, की कुजतं? आपल्याकडे जठराग्नीची कल्पना रूढ होती. गीतेच्या पंधराव्या अध्यायात तर भगवंतच वैश्वानर होऊन अन्न पचवतात. फ्रान्समध्ये रेओम्यूर यानं १७५२ साली पाळीव घारीला जाळीनं बंद केलेल्या धातूच्या नळ्यांतून मांस गिळायला लावलं. घारीनं नळ्या परत टाकल्या तेव्हा त्यांतलं मांस विरघळू लागलेलं होतं. नळीच्या आत दळलं जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे काम रसाचं होतं. तो रस हायड्रोक्लोरिक आम्लाचा आहे, हे विल्यम प्राउट यानं १८२४ च्या सुमारास दाखवलं.

त्याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण प्रकार घडला. १८२२ मध्ये मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुण हमालाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरची जखम बुजली नाही. जठरात डोकावता येईल अशी खिडकीच राहिली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडत आणि ठरावीक वेळानं बाहेर ओढून पाहत. १८३३ मध्ये त्यांनी निरीक्षणांचं पुस्तक काढलं. हा रस बाटलीत ठेवून उबदार राखला तर बाहेरही अन्न विरघळवतो, हे त्यांनी पाहिलं. आणि सेंट मार्टिन संतापला की पचन बिघडतं, हेही नोंदवलं. रागावलेलं मडकं कच्चं, हा काकांचा निकाल इथंही लागू पडला म्हणायचा!

तर अग्नी नाही, आम्ल आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर जठररस पाझरतो. मांस विरघळवणारा हा रस जठरालाच का खात नाही? आतून चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि अस्तराच्या वरच्या पेशी दर काही दिवसांनी बदलल्या जातात. कुंभार मडक्याला आतून सारवतो तसं जठर स्वतःला रोज सारवत असतं. येळवसेचं जेवण इथं तीन-चार तास थांबतं. आंबील आधी सटकते, भज्जी मागाहून, आणि तेलतूप सर्वांत शेवटी.

दाराबाहेर आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात, स्वादुपिंडाचा रस आणि यकृताचं पित्त येऊन मिळतं. इथं आपल्या बोलण्यातला एक घोटाळा सांगायला हवा. छातीत जळजळलं की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. प्रत्यक्षात जळजळतं ते जठरातलं आम्ल. यकृतात तयार होणारं पित्त हिरवट-पिवळं, आम्लाच्या उलट गुणाचं असतं आणि साबणासारखं तेलातुपाचे बारीक थेंब करतं. पित्ताच्या नावावर आपण शेजाऱ्याचा गुन्हा टाकत आलो आहोत.

पुढे सहा मीटर लांबीचं लहान आतडं. त्याला आतून घड्या, घड्यांवर बोटांसारखे उद्वर्ध आणि त्या उद्वर्धांवर आणखी सूक्ष्म केस. हे सगळं पसरलं तर टेनिसचं मैदान होईल, असं जुनी पाठ्यपुस्तकं सांगत. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्यानं मोजदाद केली, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचं क्षेत्रफळ बत्तीस चौरस मीटरच्या आसपास भरलं. म्हणजे अर्धं बॅडमिंटनचं मैदान. मैदान लहान झालं तरी काम तेवढंच आहे.

इथं शोषलेली साखर आणि प्रथिनांचे घटक थेट हृदयाकडे जात नाहीत. तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरच्या या नगरातला माल गाड्यांतून भडोचला जाई, असं ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेलं आहे. त्या व्यापाराच्या काळातली मडकी, मृण्मूर्ती, मणी गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. शरीरातही अशीच एक गाडीवाट आहे. आतड्याकडचं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात जातं. यकृत हे या मालाचं भडोच. तिथं तपासणी, साठवण, विषारी द्रव्यांची विल्हेवाट, आणि मग वाटप. स्निग्ध पदार्थ मात्र बहुतांशी लसिकावाहिन्यांच्या वेगळ्या वाटेनं जातात.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे मला सर्वांत भावतो तो पाण्याचा ताळेबंद. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी अन्नातून आणि पिण्यातून घेतो. शरीर स्वतःच्या रसांतून आणखी सात लिटर ओततं. नऊ लिटर खर्च टाकले. त्यांतलं बहुतेक लहान आतडं परत जमा करून घेतं, उरलेलं लिटर-दीड लिटर मोठं आतडं. शौचावाटे जातं ते शंभर-दोनशे मिलिलिटर. पटकीत हाच ताळेबंद काही तासांत कोसळतो. साखर आतड्यात शिरताना मिठाला सोबत नेते आणि पाणी त्यांच्यामागे येतं, हे कळल्यावर साखर-मीठ-पाण्याचं औषध निघालं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य जीव वाचवले.

शेवटचा मुक्काम दीड मीटरच्या मोठ्या आतड्याचा. भज्जीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो इथल्या जिवाणूंचं जेवण असतो. २०१६ च्या हिशेबानुसार शरीरातल्या जिवाणूंची संख्या सुमारे अडतीस लाख कोटी, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीची. चोथा आंबवून ते जी आम्लं तयार करतात, त्यांतल्या ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. आंबील मडक्यात आंबते, चोथा पोटात आंबतो. कारागीर एकाच बिरादरीतले. ज्वारीच्या जागी सोयाबीनची रास आणि भाकरीच्या जागी मैद्याची बिस्किटं येताना मी याच जिल्ह्यात पाहिली आहेत. त्या कारागिरांच्या ताटात काय उरलं, हे कुणी विचारत नाही.

इतकी चोख व्यवस्था असताना आपण तिच्याशी कसे वागतो? मार्चअखेरीला बँकेत टेबलाच्या खणात शिक्के आणि स्टँपपॅडच्या शेजारी आम्लपित्ताच्या गोळ्यांची पाकिटं असत. गोळी हे वाईट औषध नाही. पूर्वी अल्सर तिखटानं आणि चिंतेनं होतो असं मानत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला. पुढे २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. आज बरेच अल्सर प्रतिजैविकांनी कायमचे बरे होतात. पण कारण न शोधता महिनोन्‌महिने गोळी घेणं म्हणजे गजर वाजला की त्याची तार कापणं.

माझ्या एका सहकाऱ्यानं हेच केलं. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पेजही. वर्षभर गोळ्या चालू होत्या. अन्ननलिकेचा कर्करोग आहे हे कळलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. शौचातून रक्त जाणाऱ्या दुसऱ्या एका परिचितानं ते घरीही सांगितलं नाही. मूळव्याध असेल म्हणून लाजेनं गप्प राहिला. तेरहून फार लांब नसलेल्या बार्शीत कर्करोग रुग्णालय आहे आणि १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथं चालते. धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत घेतलेले आहेत. त्या नोंदणीच्या कामात गावोगाव जाऊन लोकांना लक्षणं सांगणं हाही भाग होता. कारण आजार लपला की उपचार उशिरा पोचतो.

म्हणून लाज सोडून लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखं काळं किंवा रक्तमिश्रित शौच, न थांबणारी उलटी, उतारवयात शौचाच्या सवयीत अचानक पडलेला आणि टिकून राहिलेला फरक. यांतलं काहीही दिसलं तर औषधाच्या दुकानात नव्हे, डॉक्टरकडे जायचं. आपण घरी आलेल्या पाहुण्याला जेवलात का विचारतो, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, बाबा, घास नीट उतरतो ना, असं सहसा विचारत नाही. ते एकदा विचारावं. उत्तर यायला वेळ लागला, तर थोडं थांबावं.