चिठ्ठी, औषध आणि दुसरी नजर

इंग्लंडच्या उत्तर भागातील ब्रॅडफर्ड हे शहर एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या गिरण्यांमुळे भरभराटीस आले होते. १८५८ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील अखेरच्या शनिवारी तेथील बाजारात नेहमीप्रमाणे पेपरमिंटच्या वड्या विकल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी शहरात लहान मुले दगावू लागली. पटकीची साथ आली असावी, असा प्रथम समज झाला. परंतु आजाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्या सर्वांनी एकाच विक्रेत्याच्या वड्या खाल्ल्या असल्याचे उघडकीस आले. सुमारे वीस माणसे मरण पावली व दोनशेहून अधिक आजारी पडली. वड्यांत सोमल होता.

हा सोमल कोणी वैरबुद्धीने घातलेला नव्हता. त्या काळी साखर महाग असल्यामुळे मिठाई करणारे तीत जिप्समसारखी स्वस्त पांढरी पूड मिसळीत. ही लबाडीच होती; परंतु तिने सहसा कोणी मरत नसे. ब्रॅडफर्डच्या एका मिठाईवाल्याने अशी बारा पौंड पूड आणण्यासाठी शिप्ले या जवळच्या गावी औषधविक्रेत्याकडे माणूस धाडला. विक्रेता आजारी होऊन अंथरुणावर पडला होता. पूड कोठे आहे, असे मदतनिसाने विचारले. माळ्यावरील कोपऱ्यातल्या पिंपात आहे, असे त्याला सांगण्यात आले. त्याच माळ्यावर पांढऱ्या सोमलाचेही पिंप होते. दोन्ही पुडी पांढऱ्या, नुसत्या पाहून ओळखू न येणाऱ्या. मदतनिसाने बारा पौंड सोमल तोलून दिला.

येथवरची हकिकत पुष्कळांस ठाऊक असते. तिचा पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. ज्या कारागिराने वड्या तयार केल्या, त्याला काम करतानाच मळमळू लागले आणि माल नेहमीसारखा दिसत नाही हेही त्याच्या ध्यानात आले. बाजारातील विक्रेत्यालाही वड्यांचे रूप निराळे वाटले. पण त्याने त्याबद्दल चौकशी न करता भाव कमी करून घेतला! म्हणजे माळ्यावर झालेली चूक बाजारात पोहोचेपर्यंत निदान दोन माणसांच्या दृष्टीस पडली होती. त्या दोघांपैकी एकानेही ‘हे असे का?’ असा प्रश्न केला असता, तर ती तेथेच थांबली असती.

न्यायालयात औषधविक्रेता निर्दोष ठरला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ मध्ये, ब्रिटनमध्ये औषधविक्रीचा कायदा झाला आणि ठरावीक विषे विकण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या जाणकारांपुरता मर्यादित करण्यात आला. वेष्टनावर पदार्थाचे नाव, ‘विष’ हा शब्द आणि विकणाऱ्याचे नाव व पत्ता असलाच पाहिजे, असेही ठरले.

पिंपे गेली, छापील डबे आले. परंतु चुकीची जात पालटली नाही. १९९५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात हृदयविकाराच्या एका रोग्याला डॉक्टरांनी ‘आयसॉर्डिल’ हे औषध लिहून दिले. प्रमाण २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. अक्षर इतके दुर्बोध होते की औषधविक्रेत्याने ते ‘प्लेंडिल’ असे वाचले आणि तेच दिले. प्लेंडिल हे रक्तदाबावरील निराळे औषध असून त्याची दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम असते. रोग्याच्या पोटात दिवसाला ८० मिलिग्रॅम या हिशेबाने ते जाऊ लागले. त्याला हृदयविकाराचा झटका आला व काही दिवसांत तो मरण पावला. १९९९ मध्ये न्यायालयात पंचांनी साडेचार लाख डॉलरांची भरपाई ठरविली. तिचा अर्धा भार डॉक्टरांवर आणि अर्धा औषधविक्रेत्यावर टाकण्यात आला. ही विभागणी यथार्थ म्हटली पाहिजे. अक्षर वाईट होते हे खरे. पण आकडे स्पष्ट होते, आणि प्लेंडिलच्या नावापुढे तो आकडा शोभणारा नाही, हे जाणणे हाच औषधविक्रेत्याच्या विद्येचा भाग होय.

नावांतील साम्य हा या व्यवसायातील कायमचा धोका आहे. पोटातील आम्ल कमी करणारे ‘लोसेक’ आणि लघवी वाढविणारे ‘लासिक्स’ यांत अमेरिकेत इतका घोटाळा होऊ लागला की १९९० मध्ये पहिल्याचे नाव तेथे ‘प्रायलोसेक’ असे बदलावे लागले. संक्षेपही घात करतात. ‘ओडी’ ही अक्षरे एका डॉक्टरांच्या लेखी ‘दिवसातून एकदा’, तर नेत्रवैद्याच्या लेखी ‘उजवा डोळा’. पूर्णांक पाचापुढे उगाच दशांशचिन्ह व शून्य लिहिले, तर ते चिन्ह पुसट होऊन पाचाचे पन्नास होतात. सांधेदुखीवरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेले, तर तोंडात व्रण पडतात, अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती खुंटते आणि प्राणावर बेतते.

भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून वा मोजून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे. १९४५ च्या औषधविषयक नियमांप्रमाणे चिठ्ठी लेखी असावी लागते. तिच्यावर डॉक्टरांची सही, तारीख, रोग्याचे नाव व पत्ता, औषधाचे एकूण परिमाण आणि घ्यावयाची मात्रा यांची नोंद हवी. २०१६ पासून तर औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत, शक्यतो मोठ्या इंग्रजी लिपीत लिहावे, असे डॉक्टरांना सांगण्यात आले आहे. या नियमांतील पत्त्याची किंवा परिमाणाची अट कित्येकांना निव्वळ कारकुनी वाटते. पण एकाच नावाचे दोन रोगी दुकानी उभे असतात, तेव्हा तिचे मोल कळते.

जुन्या कंपाउंडरांची एक शिस्त होती. बाटलीवरील नाव ते तीनदा वाचीत: फळीवरून उचलताना, औषध मोजताना आणि बाटली परत ठेवताना. आज बाटल्यांच्या जागी पाकिटे आली आहेत, तरी ही शिस्त मोडीत काढण्याचे कारण नाही. एकाने काढलेले औषध दुसऱ्याने चिठ्ठीशी ताडून पाहिले, तर फारच उत्तम. आपण नुकतेच वाचलेले आपल्याला पुन्हा तसेच दिसते; दुसऱ्याची नजर त्या समजुतीने बांधलेली नसते.

हा दुसरा माणूस पुष्कळदा रोगी स्वतः, किंवा रोग्याची आई असते. आपल्याकडे सुट्या गोळ्या देताना पाकीट कात्रीने कापतात. त्या कापात कधी नाव जाते, कधी मुदतीची तारीख जाते. तेव्हा छापील भाग मागून घ्यावा. गेल्या महिन्यात पांढरी असलेली गोळी या वेळी पिवळी दिसली, तर ती घेण्यापूर्वीच दुकानदारास विचारावे. मुलांच्या तापावरील पॅरासिटामॉलचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्याच्या पातळ औषधाच्या एका प्रकारात पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते; तान्ह्या मुलांसाठी मिळणाऱ्या थेंबांत मात्र एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. पहिल्याच्या हिशेबाने दुसऱ्याचा चमचा भरला, तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. थेंबांची बाटली लहान, म्हणून औषध सौम्य असेल, असा समज घरोघरी आढळतो. दोन्ही बाटल्यांवर प्रमाण छापलेले असते, बहुधा अगदी बारीक अक्षरांत.